आरोग्याची वार्ता, आरोग्याचा वाटा

सार्वजनिक आरोग्याच्या धोरणासंबंधी आपल्या देशात गेल्या पाऊणशे वर्षांत जे संशोधन झाले, ते बहुतांशी दवाखाने, डॉक्टर, खाटा, औषधे आणि खर्च यांच्या हिशेबात गुंतलेले आहे. आणि वृत्तव्यवसायाच्या नीतीसंबंधी जे चिंतन झाले, ते बदनामी, अश्लीलता, न्यायालयाचा अवमान, जातीय तेढ अशा फौजदारी कायद्याला लागून असलेल्या प्रश्नांभोवती फिरत राहिले आहे. या दोन विचारशाखांचे अभ्यासक निराळे, त्यांच्या परिषदा निराळ्या आणि त्यांच्या अहवालांचे वाचकही निराळे. परंतु आजारी माणसाने रुग्णालयाच्या पायरीवर पाऊल ठेवण्यापूर्वी, आपला आजार बरा होण्याजोगा आहे, त्यावर अमुक ठिकाणी उपचार मिळतो, तो मागण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि तो मागितल्याने आपली अब्रू जाणार नाही, इतक्या गोष्टी कोणीतरी त्याच्या कानांवर घातलेल्या असाव्या लागतात; ज्याच्या कानांवर त्या जात नाहीत, त्याच्या दृष्टीने गावातला दवाखाना असून नसल्यासारखाच. आरोग्याच्या वाटपाचा आरंभ अशा रीतीने वार्तेच्या वाटपापासून होतो, हे गृहीत धरून या सबंध प्रश्नाचा आढावा घेण्याचे मी येथे योजिले आहे.

हा आढावा घेताना एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. वृत्तव्यवसायाची एक नीती संयमाची आहे: रुग्णाचे नाव उघड करू नये, साथीच्या काळात घबराट पसरवू नये, खोट्या उपायाची जाहिरात छापू नये, आत्महत्येचे वर्णन रंगवू नये. दुसरी नीती शोधाची आहे: कोण मरत आहे, किती मरत आहेत, कशाने मरत आहेत, कोणाला दारातून परत पाठविले गेले, हे सरकारी पत्रकाची वाट न पाहता स्वतः हिंडून, विचारून, मोजून काढणे. पहिल्या नीतीची बांधणी कायदेमंडळांनी, न्यायालयांनी आणि वृत्तपत्र परिषदेने पुष्कळ परिश्रमपूर्वक केली. दुसरीची जबाबदारी मात्र एकेकट्या पत्रकाराच्या सद्सद्विवेकावर सोपवून सर्वजण मोकळे झाले. आरोग्याच्या न्याय्य वाटपाला या दुसरीची गरज अधिक असताना असे का व्हावे, याचे मूळ शोधू गेल्यास ते मुंबई इलाख्यातील पहिल्या मोठ्या साथीपर्यंत जाऊन पोहोचते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याचे मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे जाहीर केले, आणि पाच महिन्यांच्या आत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथीच्या रोगांचा कायदा अस्तित्वात आला. मोजक्या कलमांचा हा कायदा सरकारला वाटेल ते हुकूम काढण्याची मुभा देतो, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा ठरवितो आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अंमलदारास फिर्यादीपासून संरक्षण देतो. रोग्याला काय मिळावे अथवा प्रजेला काय कळावे, याविषयी त्यात चकार शब्द नाही. याच कायद्याच्या छायेत पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली, गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या झाल्या, माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली. त्या दिवसांत पुण्याच्या वृत्तपत्रांनी जे केले ते एकाच वेळी दोन्ही प्रकारचे होते, आणि म्हणूनच तो प्रसंग आजही अभ्यासण्यासारखा आहे. टिळकांच्या 'केसरी'ने साथीचे अस्तित्व नाकारले नाही, शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांना खडसावले आणि हिंदू रोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात टिळकांनी स्वतः भाग घेतला. त्याच वेळी झडत्यांतील जुलमाची कैफियतही त्याच पत्राने मांडली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली आणि थोड्याच आठवड्यांत टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. खटल्यातील लेखन शिवाजी उत्सवासंबंधीचे होते हे खरे. परंतु अठरा महिन्यांच्या शिक्षेतून बाकीच्या संपादकांनी काय बोध घ्यावयाचा, हे सरकारने संदिग्ध ठेवले नव्हते.

याच उन्हाळ्यात दुसरी एक घटना घडली, तिचा उल्लेख वृत्तनीतीच्या चर्चेत जितका व्हावा तितका होत नाही. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, झडतीच्या वेळी सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथील वृत्तपत्रातून जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा देण्याची वेळ आली तेव्हा एकही साक्षीदार उभा राहावयास तयार होईना; ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करणे गोखल्यांच्या प्रामाणिकपणाला मानवणारे नव्हते; अखेरीस ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांना पुष्कळ बोल लाविले. परंतु शांतपणे पाहिले तर माहितगाराला संरक्षण देणे आणि न सिद्ध झालेले विधान मागे घेणे, ही वृत्तनीतीची दोन कठीण कर्तव्ये एकमेकांशी भिडली असता एका माणसाने दोन्ही पाळली, आणि त्याची सर्व किंमत स्वतः मोजली, असे दिसून येईल. अत्याचार झाले नसतील असे मात्र त्या माफीवरून कोणी म्हणू नये. अब्रूच्या भयाने स्त्रियांची साक्ष मुकी राहिली, आणि ज्यांची साक्ष मुकी राहते त्यांची हकीकत सिद्ध करण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

ती मुकी साक्ष बोलकी करण्याचा मराठीतील पहिला मोठा प्रयत्न म्हणून मी र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाकडे पाहतो. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले हे मासिक कर्व्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तोट्यात, जवळजवळ एकहाती चालविले. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक आरोग्य यांविषयी वाचक आपले प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. ज्या काळी या विषयावर डॉक्टरही रोग्याशी धड बोलत नसत, त्या काळी एका टपाल-तिकिटावर खेड्यातल्या माणसाला वैद्यकीय सल्ला मिळण्याची ती एक सोय होती. सरकारने तिला अश्लीलता म्हटले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, लोकांनी प्रश्न विचारावयाचे तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे या भूमिकेवरून मांडली, आणि तरीही कर्व्यांना दंड झाला. संयमाची नीती सत्ताधाऱ्यांच्या हाती गेली म्हणजे ती शोधाच्या नीतीचा गळा कसा धरते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणे कठीण.

स्वातंत्र्यानंतरही हा गोंधळ मिटला नाही. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा हा लोकांना भोंदूगिरीपासून वाचविण्याच्या निखळ सद्हेतूने झाला, आणि त्याच्या अनुसूचीत पन्नासांहून अधिक विकार घालून त्यांवरील उपायांच्या जाहिरातींस मनाई करण्यात आली. मात्र त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने गर्भधारणा टाळण्याच्या औषधांच्या जाहिरातींसही बंदी घातली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. सरकारच्या स्वतःच्या जाहिरातींस सूट होती. म्हणजे जी माहिती कर्व्यांनी दंड भरून दिली, ती यापुढे सरकारने दिली तर प्रचार, दुसऱ्या कोणी दिली तर गुन्हा, अशी व्यवस्था झाली. 'हमदर्द दवाखाना'च्या खटल्यात डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जाहिराती भाषणस्वातंत्र्याच्या कक्षेत येत नाहीत असा निर्णय देऊन कायदा मूलतः उचलून धरला, त्यातील अतिव्याप्त भाग तेवढा रद्द केला. पुढे १९९५ मध्ये 'टाटा प्रेस' प्रकरणात त्याच न्यायालयाने व्यापारी जाहिरातीसही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मान्य केले, कारण ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क आहे. या दोन निर्णयांच्या मधल्या फटीत आजचा औषधांच्या जाहिरातींचा सारा बाजार उभा आहे.

त्या बाजाराची अलीकडची हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आयुष औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी लागावी यासाठी २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम घालण्यात आला; २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने त्याखाली कारवाई करू नये असे राज्यांना कळविले; इंडियन मेडिकल असोसिएशनच्या अर्जावर पतंजलीच्या जाहिरातींची सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये जाहिरातदारांनी प्रसिद्धीपूर्वी स्वयंघोषणापत्र द्यावे असा हुकूम काढला. या सर्व वादात कंपनी, डॉक्टरांची संघटना, मंत्रालय आणि न्यायालय असे चार पक्ष ठळकपणे दिसले. पाचवा पक्ष, म्हणजे ज्या वृत्तपत्रांच्या व वाहिन्यांच्या पानांवरून आणि पडद्यावरून या जाहिराती वर्षानुवर्षे गेल्या, तो फारसा कोणाच्या नजरेस आला नाही. जाहिरात ही आमची जबाबदारी नाही, ही ओळ छापून कर्तव्य संपते असे मानण्याचा शिरस्ता इतका जुना आहे की त्याबद्दल कोणाला खेदही वाटत नाही. डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करू नये असे वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. परंतु ते नियम डॉक्टरांस लागू, रुग्णालये चालविणाऱ्या कंपन्यांस नव्हेत, आणि त्यामुळे रविवारच्या पुरवणीत तज्ज्ञांचा सल्ला या मथळ्याखाली येणारा मजकूर लेख आहे की विकत घेतलेली जागा, हे वाचकाने ओळखावयाचे कसे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० साली विकाऊ बातम्यांवर जो अहवाल तयार केला, त्याचा रोख निवडणुकांवर होता. आरोग्यविषयक विकाऊ मजकुराची तशी चौकशी आजवर झालेली नाही, आणि मतदाराच्या फसवणुकीपेक्षा कर्करोग्याची फसवणूक कमी गंभीर मानण्यास मला कोणतेही कारण दिसत नाही.

आता घबराटीचा विषय. भूकंपाने हादरलेल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला या गावी, ऑगस्ट १९९४ मध्ये गाठीच्या प्लेगचा संशय आला आणि पुढल्याच महिन्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावली. अधिकृत मृत्युसंख्या पन्नाशीच्या आसपास राहिली. परंतु काही वृत्तपत्रांनी आणि त्याहून अधिक अफवांनी शेकडो मृत्यूंचे आकडे फिरविले, आणि काही दिवसांत लक्षावधी लोकांनी सुरत सोडले, त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेले यंत्रमाग कामगार होते, आणि खासगी दवाखाने बंद करून निघालेले डॉक्टरही होते. सर्व दोष वृत्तपत्रांच्या माथी मारण्याची तेव्हा रीत पडली. मला ती अर्धवट वाटते. अधिकृत माहिती तासातासाने, एका तोंडाने आणि लोकांच्या भाषेत मिळाली असती तर अफवेला जागा उरली नसती. मौनाने निर्माण केलेली पोकळी अफवा भरते, आणि त्या पोकळीचा मालक कोण याची चौकशी नीतीच्या अभ्यासकांनी आधी करावयास पाहिजे. शिवाय जे पळू शकले त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, जे शहरातच राहिले त्यांना टेट्रासायक्लिन मिळाले की नाही, याविषयी फार थोडे.

अचानक येणाऱ्या साथीपेक्षा वर्षानुवर्षे चालणारा मृत्यू हा वृत्तनीतीची अधिक खडतर परीक्षा घेतो. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतील कोरकू बालकांच्या मृत्यूंनी १९९३ च्या सुमारास मराठी वृत्तपत्रांची पहिली पाने व्यापली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, मंत्र्यांचे दौरे झाले, धान्याच्या गाड्या डोंगर चढल्या. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुपोषणबळी हा शब्द वृत्तपत्रांत परत येतो आणि पावसाबरोबर ओसरतो. या बातम्यांनी उपकार केले हे मी अंतःकरणपूर्वक मान्य करतो. त्या नसत्या तर त्या डोंगरांत रस्ताही उशिरा गेला असता. तथापि त्या एका शब्दाने दोन गोष्टी झाकल्या. पहिली ही की ती बालके न्यूमोनियाने, जंतुदोषाने, अतिसाराने, कमी वजनाने आणि अपुऱ्या दिवसांच्या जन्माने मरत होती, कुपोषण त्या सर्वांना बळ देत होते, आणि त्यांपैकी पुष्कळ मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच होत होते, ज्यावर धान्याची गाडी हा उपाय नव्हता. दुसरी ही की हा प्रश्न मेळघाटापुरता नव्हता.

ही दुसरी गोष्ट वृत्तपत्रांनी शोधून काढली नाही. ती गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने व तिच्या जोडीला आलेल्या स्वयंसेवी संस्थांनी काढली. 'सर्च'च्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले होते की गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांचे दुखणे सरकारी दप्तरात नव्हते, वर्तमानपत्रात नव्हते आणि बहुधा त्यांच्या घरातही बोलले जात नव्हते. त्यानंतर तेरा संस्थांनी मिळून राज्याच्या निरनिराळ्या भागांतील गावांत आणि शहरी वस्त्यांत प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यू मोजला, आणि 'कोवळी पानगळ' या नावाने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे मांडले की महाराष्ट्रात दरवर्षी होणारे बालमृत्यू लाखाच्या पुढे आहेत आणि सरकारी यंत्रणेच्या नोंदींत त्यांतील फार मोठा भाग येतच नाही. अहवाल मराठीत होता, साध्या भाषेत होता, वर्तमानपत्रांना छापता येईल असा होता. आणि वर्तमानपत्रांनी तो छापला, विधिमंडळात त्यावर वादळ उठले, आणि पुढे शासनानेच डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याची जी पद्धत गडचिरोलीत तयार झाली आणि जिने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, ती नंतर देशभर आशा कार्यकर्तींच्या कामाचा भाग झाली. संशोधन, वार्ता आणि धोरण यांची साखळी पूर्ण जुळल्याचे हे आपल्या राज्यातील सर्वोत्तम उदाहरण होय, आणि धोरणसंशोधकांनी त्याचा अभ्यास बालआरोग्याचा प्रयोग म्हणून जितका केला तितकाच वार्तेचा प्रयोग म्हणूनही करावयास हवा होता.

विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बाबतीत मात्र संयम आणि शोध यांचा खरा पेच पडतो, आणि त्याला सोपे उत्तर नाही. आत्महत्येच्या ठळक, तपशीलवार, वारंवार येणाऱ्या बातम्यांनी अनुकरण वाढते असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करण्यास मनाई केली, आणि वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये ते मार्गदर्शन स्वीकारले. परंतु पत्रकार पी. साईनाथ आणि विदर्भातील तालुक्यातालुक्याचे वार्ताहर यांनी ते मृत्यू एकेक करून मोजले नसते, घर, कर्ज, सावकार, कापसाचा भाव हे सर्व छापले नसते, तर उच्च न्यायालयापुढे प्रश्न गेला नसता, टाटा समाजविज्ञान संस्थेचा २००५ चा अभ्यास झाला नसता आणि मदतीच्या योजनांचा विचारही झाला नसता. माझे मत असे आहे की रीतीचे वर्णन आणि मृताचा फोटो टाळावा, कारणांचा तपशील मात्र टाळू नये; आणि बातमीच्या शेवटी साहाय्याचा क्रमांक छापून समाधान मानणाऱ्या संपादकाने आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाची जागा भरलेली आहे काय, याचीही चौकशी करावी. तशी चौकशी संहितेत कोठेही सांगितलेली नाही.

नाव झाकण्याच्या कर्तव्याला याहूनही जुना इतिहास आहे. १९८९ मध्ये गोव्यात एका तरुणाला एच.आय.व्ही. बाधित ठरवून सक्तीने वेगळे कोंडण्यात आले, आणि तसे करण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी वैध ठरविली. गावभर झालेल्या त्या बोभाट्यानंतर कित्येकांनी तपासणीकडेच पाठ फिरविली असेल, याची कल्पना करता येते. १९९७ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने बाधित व्यक्तीस नाव न उघडता दाद मागण्याची मुभा दिली, आणि एच.आय.व्ही.-एड्ससंबंधीच्या २०१७ च्या कायद्याने गोपनीयता सर्वत्र बंधनकारक झाली. येथे संयम हाच उपचाराचा दरवाजा उघडा ठेवतो, यात मला तिळमात्र शंका नाही.

कोविडच्या दोन वर्षांत वरील सर्व प्रश्न एकदम समोर आले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृत्तमाध्यमांस अधिकृत खुलाशाचा हवाला देऊन बातम्या देण्यास सांगितले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने घरोघर वृत्तपत्रे टाकण्यास मनाई केली, जी पुढे अंशतः शिथिल झाली. आणि याच दिवसांत तबलिगी जमातीच्या अनुयायांवर कित्येक वाहिन्यांनी आणि पत्रांनी साथ जाणूनबुजून पसरविल्याचा ठपका ठेवला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांविरुद्धच्या फिर्यादी रद्द करताना, त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, असे निरीक्षण नोंदविले. निकालाची बातमी मूळ बातम्यांइतक्या ठळकपणे छापली गेली नाही. एका समाजाला भयाने तपासणीपासून दूर ठेवणारी बातमी ही त्या समाजाच्या आरोग्यसेवेवर घातलेली बंदीच असते, आणि वृत्तनीतीचा भंग हा आरोग्यहक्काचा भंग कसा होतो, हे समजावून सांगण्यास याहून निराळे उदाहरण शोधावे लागणार नाही.

औषधांची गोष्टही तशीच. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील कोविडरोग्यांना रेमडेसिविर देऊ नये अशी शिफारस केली होती. असे असता २०२१ च्या वसंतात बातम्यांतून त्याचा उल्लेख जीवरक्षक इंजेक्शन असाच होत राहिला, आणि नातेवाइकांनी दागिने मोडून ते काळ्या बाजारात घेतले. लशीच्या वाटपात तर वार्तेचे साधन हेच वाटपाचे साधन झाले: १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वर्षे वयाच्या लोकांना कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी केल्याशिवाय लस मिळेना, आणि हे संकेतस्थळ आरंभी मराठीतही नव्हते. ज्याच्या हाती चांगला फोन आणि वेगवान जाळे, तो शहरातून शेजारच्या खेड्यातील केंद्राची जागा पटकावून मोटारीने जाई, आणि त्या खेड्यातील शेतमजूर तसाच राही. सर्वोच्च न्यायालयाने मे अखेरीस या डिजिटल दरीवर बोट ठेवले, जूनमध्ये धोरण बदलले. त्याआधी, ३० एप्रिल २०२१ रोजी, प्राणवायू आणि खाटांसाठी समाजमाध्यमांवर याचना करणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये, असेही त्या न्यायालयाला सांगावे लागले होते.

शोधाच्या नीतीचे त्या काळातील सर्वांत उज्ज्वल उदाहरण गुजराती वृत्तपत्रांनी घालून दिले, हे मराठी वाचकाने मोकळ्या मनाने मान्य करावे. 'संदेश'चे वार्ताहर रुग्णालयांबाहेर आणि स्मशानांत रात्र रात्र उभे राहून प्रेते मोजीत होते. 'दिव्य भास्कर'ने १ मार्च ते १० मे २०२१ या काळात राज्यात दिलेले मृत्यूचे दाखले सुमारे १ लाख २३ हजार असल्याचे, मागील वर्षी त्याच काळात ते सुमारे ५८ हजार असल्याचे, आणि सरकारने मान्य केलेले कोविडमृत्यू जेमतेम ४,२०० असल्याचे छापले. दाखले ही जन्ममृत्यू नोंदणीची साधी सरकारी कागदपत्रे. ती मिळविणे, बेरीज करणे आणि परिणामाची पर्वा न करता छापणे, एवढेच त्यांनी केले. मृताच्या वारसांना नुकसानभरपाई मिळण्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा मोजणीला जे महत्त्व आले, ते आधी या पत्रांनी ओळखले होते.

मराठीत असे कमी का होते, याची कारणे व्यक्तींच्या धैर्यात शोधणे अन्यायाचे होईल. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतो, आणि बहुतेक ठिकाणी बातमीबरोबर जाहिरात मिळविण्याचे कामही त्याच्याच गळ्यात असते; दिवाळी अंकासाठी आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी ज्या रुग्णालयाकडून त्याने पानभर जाहिरात आणली, त्याच रुग्णालयाने अनामत रकमेसाठी अडवून ठेवलेल्या प्रसूत स्त्रीची बातमी त्याने कोणत्या बळावर द्यावी? सर्वांत मोठे जाहिरातदार पुन्हा सरकारच. वृत्तपत्र परिषद ताकीद देऊ शकते, निर्भर्त्सना करू शकते, याहून अधिक काही करू शकत नाही, आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत. म्हणून माध्यमनीतीच्या धोरणाचा विचार करणाऱ्याने आचारसंहितेत आणखी एक कलम घालण्याऐवजी वार्ताहराचे वेतन आणि जाहिरातवसुली यांची फारकत करण्याचा विचार आधी करावा, असे मला आग्रहाने वाटते.

याच्या जोडीला सरकारी दप्तराचा प्रश्न आहे. देशात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दृष्ट्या कारण प्रमाणित झालेले मृत्यू २२.५ टक्के होते. बाकीच्यांचे कारण दप्तरात नाही, म्हणून वार्तेतही नाही आणि अंदाजपत्रकातही नाही. आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात, आणि ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कोणत्या जिल्ह्यात तो उतरला आणि कोणत्या जिल्ह्यात लोकांनी उपचारच सोडून दिल्यामुळे तो उतरल्यासारखा दिसतो, हे त्या सरासरीवरून कळावयाचे नाही. मुंबईतून १९९३ पासून निघणारे वैद्यकीय नीतीचे नियतकालिक, 'सेहत'सारख्या संस्था, मेडिको फ्रेंड सर्कलचे डॉक्टर यांनी या दिशेने जे काम केले ते मोलाचे आहे; ते बहुतांशी इंग्रजीत राहिले, ही त्याची मर्यादा.

एक अगदी जवळचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्यात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू आहे. ती खाट त्या दिवशी रिकामी आहे की नाही, निधीत किती शिल्लक आहे, कोणती कागदपत्रे लागतात, आणि नकार मिळाल्यास धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार कशी करावयाची, ही माहिती ज्या जिल्ह्यांतील एखादे दैनिक रोज चार ओळींत छापील आणि ज्या जिल्ह्यांत कोणी छापणार नाही, अशा दोन जिल्ह्यांची वर्षभर तुलना करून त्या खाटांवर प्रत्यक्ष कोण झोपले याची मोजदाद करणारा अभ्यास एखाद्या विद्यापीठाने हाती घ्यावा. त्याला लागणारा खर्च फार नाही, लागणारे कागद धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात आहेत, आणि ते माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात.